अनुभव खरा, पण पुरावा कशाचा?

‘मला प्रत्यक्ष अनुभव आला, आणखी पुरावा कशाला हवा?’ असे एखादा विद्यार्थी वर्गात म्हणाला की शिक्षकाची पंचाईत होते. हसण्यावारी नेले तर मुलगा दुखावतो, मान्य केले तर विज्ञानाचा तास फुकट जातो. हा प्रश्न गंभीरपणे हाताळणारे एक पुस्तक आम्हांला शिक्षकांनी अवश्य वाचावेसे वाटते, आणि तपासूनही घ्यावेसे वाटते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०१-०२ मध्ये एडिंबरो येथे दिलेली वीस व्याख्याने १९०२ मध्ये ‘द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्स्पीरियन्स’ या नावाने प्रसिद्ध झाली, ते हे पुस्तक.

जेम्स कोणाची टर उडवत नाहीत. संत पॉलला दमास्कसच्या वाटेवर झालेले दर्शन म्हणजे केवळ अपस्माराचा झटका, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांना ते चांगलेच फटकारतात. विचार कोणत्या मज्जातंतूतून उगवला यावरून त्याची किंमत ठरत नाही; तसे ठरवले तर वैज्ञानिक सिद्धांतही निकालात निघतील. हे आम्हांला पूर्ण मान्य आहे.

अडचण पुढे येते. स्ट्रासबुर्गच्या ज्यू घराण्यातील आल्फोन्स रातिस्बोन यांना २० जानेवारी १८४२ रोजी रोममधील एका चर्चमध्ये मेरीचे दर्शन झाले आणि ते कॅथलिक झाले. जेम्स हेही प्रामाणिकपणे नोंदवतात, की त्यांच्या एका कॅथलिक स्नेह्याने त्याआधीच त्यांच्या गळ्यात मेरीचे पदक घातले होते. (त्यांचे थोरले बंधू तर आधीच धर्मगुरू झालेले होते.) दुसरीकडे फ्रेंच तत्त्वज्ञ झूफ्रवा यांना डिसेंबरच्या एका रात्री उमगले की आपली श्रद्धा पार संपली आहे. खात्री तितकीच खोल, निष्कर्ष अगदी उलटा. आणि आपल्या तुकोबांना स्वप्नात जो गुरूपदेश झाला, तो विठ्ठलभक्तीच्याच मातीतला. अनुभव सारे खरे. पण त्यांतून निघणारे दावे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत.

यावर जेम्स म्हणतात, झाड फळांवरून ओळखावे. एखाद्याची दारू सुटली, आयुष्य सावरले, ही फळे निःसंशय मोलाची आहेत. पण साखरेच्या गोळीने रोग्याला बरे वाटले, म्हणून गोळीत औषध होते असे ठरत नाही. शिवाय परिवर्तन झालेली माणसे इतरांहून सरसकट वेगळी दिसत नाहीत, हे जेम्स स्वतःच कबूल करतात!

विज्ञानातही खात्रीने फसगत होते. १९०३ मध्ये नान्सीचे ब्लोंदलो यांनी ‘एन-किरण’ शोधल्याचे जाहीर केले. अनेकांना ते दिसलेही. १९०४ मध्ये रॉबर्ट वुड यांनी अंधारात उपकरणातला लोलक गुपचूप काढून घेतला, तरी किरण पूर्वीच्याच जागी दिसत राहिले. ब्लोंदलो लबाड नव्हते. पण तेथे निदान काढून घेता येईल असा लोलक होता. आंतरिक अनुभवात असे काय काढून पाहणार?

असे अनुभव ज्याला आले त्याच्यापुरते प्रमाण, इतरांवर बंधनकारक नाहीत, अशी वाटणी जेम्स करतात. तिचा उत्तरार्ध आम्हांला पटतो, पूर्वार्ध पटत नाही. एन-किरण ब्लोंदलो यांच्यापुरतेही नव्हते. वर्गातल्या त्या मुलाला म्हणूनच एवढे विचारावे: ‘तुला जे वाटले ते खरेच वाटले, यात शंका नाही. पण ते चुकीचे असते, तर तुला कशावरून कळले असते?’