ख्रिस्तपुराणातील श्रोता

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा (१६१६) विषय निघाला की त्यांनी केलेल्या मराठीच्या गौरवाचेच कौतुक होते. आम्हांस दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथातील श्रोता तितकाच मोलाचा वाटतो. ग्रंथाचा उगमच त्याच्या मागणीत आहे. पूर्वीची पुराणे सुटली, त्यांच्या जागी आम्हांला काही द्या, असे तो साष्टीतल्या पाद्रीगुरूला विनवितो. पुढेही श्रोते शंका विचारतात आणि कथा पुढे सरकते. श्रद्धा ही येथे एकट्याने जपावयाची ठेव नसून चारचौघांत बसून उलगडावयाची गोष्ट आहे.

उणीवही सांगितली पाहिजे. गुरूचे उत्तर मिळताच श्रोता पुन्हा गप्प होतो. त्याच्या स्वतःच्या जीवनाची साक्ष काव्यात फारशी उमटत नाही. परंतु १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत सर्वांच्या सक्रिय सहभागाचा आग्रह धरल्यावरही आपण मिस्सा ऐकून मुकाट्याने घरी परतत असू, तर स्टीफन्सना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? वाचकहो, हे पुराण घरी मोठ्याने वाचा, शेजाऱ्यांनाही बोलवा आणि प्रश्न विचारा. आम्हां धर्मगुरूंनाही त्या प्रश्नांची गरज आहे.