प्लेगचे दोन धडे आणि राहून गेलेला तिसरा

शाळेत प्लेगशी मुलांची गाठ दोनदा पडते. इतिहासाच्या तासाला १८९७ साल, पुणे, रँडचा जुलूम आणि चापेकर बंधू येतात. विज्ञानाच्या तासाला जंतू, उंदीर, पिसू आणि माणूस अशी साखळी येते. दोन्ही धडे खरे आहेत, पण त्यांची एकमेकांशी ओळख नाही. नचिकेत व जयू पटवर्धन यांच्या १९७९ च्या गाजलेल्या चित्रपटाचे नावच '२२ जून १८९७' आहे, म्हणजे ते गोळीबाराच्या दिवसाचे नाव आहे. चित्रपटाचा विषयच तो, त्याला दोष नाही. शिक्षकाने मात्र तेवढ्यावर थांबू नये. साथ थोपवण्यासाठी सरकारने लोकांवर किती सक्ती करावी आणि ती कशाच्या आधारे करावी, हा प्रश्न या दोन धड्यांच्या मधल्या फटीत पडून राहतो.

प्रथम त्या वेळी काय ठाऊक होते ते पाहू. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिन याने शोधला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी रोग ओळखला. म्हणजे जंतू माहीत होता. तो एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे माहीत नव्हते. ते कोडे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने जून १८९८ मध्ये कराचीत सोडवले. प्लेगने मरणारा, अंगावर पिसवा असलेला एक उंदीर त्याने काचेच्या बरणीत ठेवला आणि दुसरा निरोगी उंदीर त्याच बरणीत, पण जाळीच्या पिंजऱ्यात वेगळा ठेवला. दोघांचा स्पर्श होत नव्हता, तरी निरोगी उंदराला प्लेग झाला. पिसवा नसताना मात्र रोग पसरला नाही. हा प्रयोग मुलांना जरूर सांगावा. त्यावर विश्वास बसायला आणखी काही वर्षे लागली. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या पद्धतशीर संशोधनाने ते पक्के झाले.

आता तारखांचा क्रम पाहा. साथरोग कायदा फेब्रुवारी १८९७ चा. मार्च ते मे या काळात पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या, रोग्यांना इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेले, सामान जाळले. म्हणजे सिमाँच्या प्रयोगाच्या वर्षभर आधीच उपाय ठरले होते. त्यांचा सारा रोख माणसावर आणि अस्वच्छतेवर होता. या कामावरचा अधिकारी वॉल्टर रँड हा साताऱ्यात असिस्टंट कलेक्टर होता. वाईच्या वाद्यांच्या प्रकरणात त्याने तेथील प्रतिष्ठितांना तुरुंगात धाडले होते. पुण्याला त्याचा धाक आधीच ठाऊक होता. अर्धवट ज्ञान आणि पूर्ण अधिकार एकत्र आले की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

याच दिवसांत दुसराही एक मार्ग चालू होता. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर हडपसरजवळ माळरानावर रोग्यांसाठी दवाखाना चालवला. रोगी आणण्याच्या धडपडीत सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्याला वेगळे ठेवणे रँडलाही हवे होते आणि सावित्रीबाईंनाही; फरक होता तो रोग्याला कोण नेते, कसे नेते आणि पुढे त्याची काळजी कोण घेते, यात.

खेड्यांतही एक शहाणपण होते. घरात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून शेतात, माळावर झोपड्या घालून राहत. पिसूचे शास्त्र कुणाला ठाऊक नसताना निरीक्षणातून आलेली ही कृती अगदी योग्य होती, कारण ती माणसाला उंदरांपासून दूर नेत होती.

मात्र 'लोक बरोबर आणि सरकार चूक' असा सोपा निकाल देणेही बरे नाही. प्लेगचा फुप्फुसांचा प्रकार माणसाकडून माणसाला थेट होतो. तेथे विलगीकरण टाळता येत नाही. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी केली. तरीही लसीविषयी अफवा उठतच राहिल्या. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली आणि दोष हाफकिन यांच्या माथी आला. त्यातून त्यांची सुटका व्हायला काही वर्षे गेली. अविश्वासाची किंमत विज्ञानालाही मोजावी लागते.

इंग्लंडशी तुलना केली की हा वाद अधिक स्पष्ट होतो. तेथे १८५३ मध्ये तान्ह्या मुलांना देवी टोचणे सक्तीचे झाले. लोकांनी विरोध केला. १८८५ मध्ये लेस्टर शहरात मोठा मोर्चा निघाला. सरकारने आयोग नेमला, तो कित्येक वर्षे साक्षी घेत बसला, आणि अखेर १८९८ च्या कायद्याने मनापासून विरोध असणाऱ्या पालकांना सूट मिळाली. देवीची लस तर परिणामकारक ठरलेली होती! जेथे उपाय सिद्ध होता तेथे विरोधकांचे ऐकून घेतले गेले. जेथे तो सिद्ध नव्हता त्या पुण्यात आधीच्याच वर्षी सोजीर घरात शिरले. इंग्लंडच्या नागरिकाला मत होते, पुण्याच्या रहिवाशाला नव्हते. हा फरक वैद्यकाने केलेला नाही, राज्यव्यवस्थेने केला आहे.

१८९७ चा तोच कायदा मार्च २०२० मध्ये कोविडच्या वेळी पुन्हा वापरला गेला. म्हणून हा विषय जुना म्हणून बाजूला ठेवता येत नाही. रहिमतपूरसारख्या, एकोणिसाव्या शतकातच नगरपालिका मिळालेल्या आणि पुणे–मिरज लोहमार्गावरच्या गावात याचा अभ्यास सहज करता येईल. धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर आणि पिसवा कशा प्रवास करतील, याचा नकाशा मुलांनी काढावा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांच्या आजी-आजोबांकडून ऐकलेल्या प्लेगच्या आठवणी लिहून घ्याव्यात. मग वर्गात एकच प्रश्न ठेवावा: तुम्ही १८९७ मध्ये आरोग्य अधिकारी असता, पिसूचे काम तुम्हाला ठाऊक नसते, तर लोकांना काय सांगितले असते आणि काय करणे टाळले असते?

इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी हा तास मिळून घ्यावा. एकट्याने घेतला तर तो पुन्हा अर्धाच राहील.