साडेआठशे शब्दांचा हिशेब

परप्रांतात बदलून आलेल्या आपल्या अधिकाऱ्याला इंग्रजीत लांबलचक मसुदा सहज लिहिता येतो. मात्र नळ गळतो आहे किंवा दूध नासले, एवढे शेजाऱ्याला सांगताना तो अडखळतो. अशा मंडळींना सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली मांडलेली 'बेसिक इंग्लिश'ची योजना मोहक वाटावी. अवघे ८५० शब्द, आणि त्यांत क्रियापदे केवळ १८! परंतु हा हिशेब फसवा आहे. 'पुट' म्हणजे ठेवणे खरे. पण 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे. शिकणाऱ्याने अर्थ चार पाठ करायचे नि शब्द एक मोजायचा! आपले 'लागणे'च घ्या ना: भूक लागते, दिवा लागतो, वेड लागते, नोकरीही लागते. मराठी शिकू पाहणाऱ्या कानडी शेजाऱ्याला, हे सारे एकच क्रियापद आहे, असे सांगून पाहावे.

मायकेल वेस्ट यांची १९५३ची सुमारे २००० शब्दांची यादी मला अधिक प्रामाणिक वाटते. ढाक्याला शिक्षक घडवीत असताना बंगाली मुलांच्या अडचणी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. शब्दाचे निरनिराळे अर्थ देऊन कोणता अर्थ शेकडा किती वेळा येतो, तेही त्यांनी नोंदविले. त्यामुळे आधी काय शिकावे ते कळते. उणीव एवढीच की, ही मोजणी लिखित मजकुरावरून झालेली आहे. दारातल्या बोलण्याला तिच्यात जागा कमीच मिळाली.