रोपं मोजली, पण जंगल उगवलं का?

तोडीनंतर पाइनचं जंगल आपोआप कसं उगवतं, यावरच्या स्वीडन-फिनलंडमधल्या अभ्यासांत एक आकडा हमखास भेटतो: हेक्टरी सरासरी रोपं. माझ्या मते सगळ्यात फसवा आकडा हाच. समजा, १०० प्लॉटपैकी ७० रिकामे आणि उरलेल्या ३० मध्ये रोपांची नुसती दाटी. सरासरी तरीही झकास येते! म्हणून निदान एक रोप असलेले प्लॉट किती टक्के, हे आधी शोधा.

दुसरा प्रश्न काळाचा. तिथे स्कॉट्स पाइन तोडताना बियांसाठी हेक्टरी साधारण ५० ते १५० झाडं राखतात आणि वरचा थर खरवडून खनिज माती उघडी करतात. बी वसंतात पडतं, पण उत्तरेकडे उन्हाळा थंड गेला तर ते नीट पिकतच नाही. माती खरवडली आणि नेमकं बी आलं नाही, तर? तोवर गवत परत पसरतं. अशा वेळी दोनच वर्षं मोजून 'पद्धत फसली' म्हणणं घाईचं. 'जमली' म्हणणंही तितकंच घाईचं, कारण हिवाळ्यात शेंडे कुरतडणारी मूस हरणं त्या मोजणीत अजून आलेलीच नसतात.