थ्री-नॉट-थ्रीवर ठपका ठेवताना

२६ नोव्हेंबर २००८ चा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "सीएसटीवर पोलिसांकडे जुन्या थ्री-नॉट-थ्री होत्या, म्हणून ते कमी पडले." आमच्या गणेशपुरीत चहाच्या टपरीवरही हेच ऐकू येतं. संशोधनाच्या कसोटीवर मात्र हे विधान कच्चं आहे.

"जुनी" या एका शब्दाखाली तीन वेगळी चलं दडलीयेत.

पहिलं, रचना. ली-एनफील्डची मार्क तीन रायफल १९०७ ची. दर गोळीनंतर बोल्ट हाताने ओढायचा, मॅगझिनमध्ये १० गोळ्या. समोर ३० गोळ्यांची स्वयंचलित एके. हा तोटा खरा आहे.

दुसरं, त्या नगाचं आणि काडतुसांचं वय व निगा.

तिसरं, सराव. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश सैनिकाला याच रायफलने ३०० यार्डांवर मिनिटाला १५ गोळ्या नेम धरून झाडाव्या लागत. बोल्ट अडकवणारे खाचे मागच्या बाजूला असल्याने तो कमी ओढावा लागतो, हात भरभर चालतो. शौकीन लोक या रायफलीचं कौतुक करतात ते उगाच नाही. पण हे कौतुक एकेपुढचा तोटा भरून काढत नाही, हेही त्यांनी मान्य करायला हवं.

तिन्ही चलं एकत्र असताना एकाच घटनेवरून दोष कुठल्या एकावर टाकता येत नाही. आणि निदान चुकलं तर नवी रायफल येते, सरावाच्या गोळ्या मात्र तेवढ्याच राहतात.

प्रबंधात "जुनी पद्धत अपयशी ठरली" असं लिहाल, तेव्हा आधी विचारा: जुनं नेमकं काय होतं?