मर्यादित गुणांतील संरक्षण : ‘गर्प्स’ या खेळाच्या नियमांची चिकित्सा

प्रस्तावना

खेळाचे नियमपुस्तक हाही एक गद्यग्रंथ असतो आणि कशाला किती मोल द्यावे याविषयीची भूमिका त्यातून व्यक्त होत असते. स्टीव्ह जॅक्सन यांनी रचलेला ‘गर्प्स’ (१९८६, चौथी आवृत्ती २००४) हा भूमिकाखेळ या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यात खेळाडूला ठरावीक गुण मिळतात व ते खर्चून त्याने आपले पात्र घडवायचे असते. थोड्या गुणांत पात्राचे संरक्षण कसे साधावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील दुर्गप्रकरणाच्या आधारे केला आहे.

किंमत आणि फल

तीन फाशांची बेरीज बचावाच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आली की वार चुकतो. सामान्य पात्राचा वार हुकवण्याचा आकडा ८ असतो. म्हणजे यशाची शक्यता सुमारे २६ टक्के. १५ गुण देऊन हा आकडा एकाने वाढवता येतो. तेवढ्याच गुणांत ‘कॉम्बॅट रिफ्लेक्सेस’ घेतल्यास वार हुकवणे, शस्त्राने परतवणे आणि ढालीवर झेलणे हे तिन्ही बचाव एकाने वाढतात. येथे निवड उघड आहे. मात्र हा लाभ एकदाच घेता येतो.

पुढील खर्चाचा हिशेब इतका सरळ नाही. आकडा ८ वरून ९ झाल्यास यश सुमारे १२ टक्क्यांनी वाढते, तर १३ वरून १४ झाल्यास केवळ ७ टक्क्यांनी. त्यामुळे वरच्या पायरीवरील खर्च तोट्याचा वाटतो. परंतु लागणारे वार मोजले तर चित्र पालटते. पहिल्या वाढीने शंभरातील ७४ ऐवजी सुमारे ६३ वार लागतात, दुसरीने १६ ऐवजी ९. पहिली वाढ जखमांचा जेमतेम सहावा हिस्सा वाचवते, दुसरी दोन-पंचमांशांहून अधिक.

आज्ञापत्राचा निकष

मग सारे गुण एकाच बचावावर लावावेत काय? अमात्यांची दृष्टी याच्या विरुद्ध जाते. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, एकाच झऱ्यावर न विसंबता टाकी बांधावीत, एकाच दरवाजावर भिस्त ठेवू नये, गडाला उपद्रव देणारा शेजारचा डोंगर फोडावा किंवा गडाच्या बंदोबस्तात घ्यावा, असे ते सांगतात. एक उपाय फसला तर पुढे काय, हा प्रश्न या सूचनांच्या मुळाशी आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले तेव्हा पोर्तुगीजांच्या तेथील किल्ल्याचे काम अपुरेच होते. तटावरचा खर्च वेळेवर कामी आला नाही. उलट कल्याणचा दुर्गाडी खाडीकाठच्या उंचवट्यावर आहे. जागेने दिलेले संरक्षण विकत घ्यावे लागत नाही.

खेळाचे नियमही हेच सुचवतात. ज्या वाराची चाहूलच लागली नाही, त्याविरुद्ध १४ चा आकडाही निरुपयोगी ठरतो. तेथे उपयोगी पडते ते चिलखत. ते गुणांनी नव्हे, पात्राजवळच्या पैशांनी मिळते; पण अंगावरचे ओझे पायरीपायरीने वाढत गेले की प्रत्येक पायरीला हुकवण्याचा आकडा एकाने घटतो. म्हणजे १५ गुणांची कमाई जड चिलखत सहज गिळते. याउलट हातघाईत एक पाऊल मागे सरल्यास तोच आकडा ३ ने वाढतो. गुणांच्या भावाने हा लाभ ४५ चा, आणि त्याला किंमत मात्र शून्य! अट अशी की मागे जागा हवी.

निष्कर्ष

‘गर्प्स’मधील दरपत्रक संरक्षण हा व्यक्तीचा गुणधर्म मानते, लढाईचे नियम मात्र ते व्यक्ती, जागा आणि शत्रू यांच्यातील नाते मानतात. ही विसंगती खेळाचा दोष वाटली तरी जाणत्या खेळाडूची परीक्षा तिच्यातच होते. दरपत्रकातील स्वस्त वस्तू निवडणे ही काटकसर नव्हे. पहिला बचाव जेथे कोसळतो तेथे उभा राहणारा दुसरा बचाव राखणे, ही खरी काटकसर होय. अमात्यांनी ती गडाच्या संदर्भात सांगितली. फाशांच्या पटावरही ती तितकीच लागू पडते.