प्लेगचे क्रूस : ग्रामीण श्रद्धास्थानांच्या इतिहासलेखनाची चिकित्सा

साथीच्या रोगातून उभ्या राहिलेल्या प्रार्थनास्थळांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रथम युरोपकडे वळते. व्हेनिस येथील सांता मारिया देला सालुते हे चर्च 1630 च्या साथीत तेथील शासनाने केलेल्या नवसातून बांधले गेले व त्याचे अर्पण 1687 मध्ये झाले. तेथे नवस करणारी संस्था, तिचा ठराव आणि वास्तूचा खर्च या तिन्हींची नोंद मिळते. महाराष्ट्रातील समांतर उदाहरण मात्र अगदी वेगळ्या स्वरूपाचे आहे. मुंबई व साष्टीतील जुन्या गावठाणांत, विशेषतः वांद्रे परिसरातील रानवर, चिंबई, पाली यांसारख्या वस्त्यांत तसेच माझगावच्या माथारपाखाडीत, रस्त्याच्या कडेला उभे असलेले क्रूस व छोटी प्रार्थनास्थळे 1896 च्या प्लेगशी जोडली जातात. ही वस्ती आज शहरात बुडाली असली, तरी ती मुळात शेतकरी व कोळी ख्रिस्ती समाजाची होती.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी या रोगाचे निदान केले. 1897 मध्ये साथरोग अधिनियम आला. घरझडती, सक्तीचे विलगीकरण व स्थलांतर यांनी लोक भयभीत झाले. चर्चपर्यंत जाणे अवघड झाल्याने वाडीतील लोकांनी आपल्याच अंगणात क्रूस उभारून तेथे प्रार्थना सुरू केली, असे प्रचलित विवेचन आहे. हे विवेचन आकर्षक आहे. पण ते सरसकट लागू करणे योग्य नाही. सर्वच क्रूस प्लेगकाळातील नाहीत. काहींवरील कोरीव सन साथीच्या आधीचे आहेत, काहींवरील बरेच नंतरचे. ज्याच्यावर 1896 पूर्वीचा सन आहे, त्यालाही 'प्लेगचा क्रूस' म्हणण्याची सवय स्थानिक लेखनात रूढ झाली आहे. येथे स्मृतीने शिलालेखावर मात केली, असे म्हणावे लागते. अर्थात ही स्मृती खोटी ठरत नाही. जुन्याच क्रूसापाशी साथीत नवी प्रार्थना सुरू झाली असेल, तर वास्तू जुनी व परंपरा नवी असे दोन स्वतंत्र कालखंड मानले पाहिजेत. आजवरच्या वर्णनांत हा भेद क्वचितच केलेला दिसतो.

मे महिन्यात या क्रूसांपाशी वाडीतील कुटुंबे एकत्र येऊन लादीन म्हणतात. धर्मगुरूविना, उघड्यावर, शेजाऱ्यांनी चालविलेली ही उपासना चर्चच्या दप्तरात सहसा उतरत नाही. तिचा अभ्यास त्यामुळे पुरालेखापेक्षा क्षेत्रीय पाहणीतूनच व्हावयास हवा.

मराठवाड्याच्या अभ्यासकाला ही गोष्ट अपरिचित वाटू नये. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) त्या काळी निजामाच्या राज्यात होते. ब्रिटिश मुलखातील कायदा येथे थेट लागू नव्हता. पण गावशिवेवरची मरीआई, तिचा गाडा शेजारच्या गावाच्या हद्दीपर्यंत लोटण्याची प्रथा आणि पोतराज यांतून साथीचे भय येथेही स्थानबद्ध झाले. क्रूस वस्तीच्या मध्यभागी संरक्षण मागतो, तर मरीआई शिवेवर रोगाला अडविते. हा फरक धर्माचा आहे, तितकाच गावाच्या रचनेचाही आहे. मात्र क्रूसावर निदान सन कोरलेला सापडतो; शेंदूर फासलेल्या दगडावर तोही नसतो. लिखित साधनालाच प्रमाण मानणारे इतिहासलेखन अशा दगडापाशी थांबत नाही, हे त्याचे मोठे वैगुण्य होय.

प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. सार्वजनिक जागेवरील अनधिकृत धार्मिक बांधकामांविषयी सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2009 रोजी आदेश दिल्यानंतर अशा वास्तूंना आपले वय सिद्ध करावे लागले. 2017 मध्ये वांद्र्याच्या बाजार रोडवरील शतकाहून जुना क्रूस महापालिकेने पाडला, तेव्हा रहिवाशांनी जागा खासगी असल्याचे म्हटले होते. अशा वेळी 'प्लेगच्या काळातला' हे मोघम विशेषण उपयोगी पडत नाही. लागतो तो सन, सातबारा किंवा नगर भूमापनाचा उतारा, आणि वाडीतल्या वृद्धांची नोंदवून ठेवलेली साक्ष.